आमच्या उताराचा ट्रॅक्टर

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कविता लिहावी, ललित लेख लिहावा, फार तर एखाद्या सामाजिक प्रश्नावर परखड मत मांडावे, अशी आपल्याकडे रूढी आहे. मी मात्र लिहिणार आहे खेळण्यातल्या ट्रॅक्टरवर. शीर्षक वाचून काही वाचक हसतील, काही पान उलटतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी जरा थांबावे. हा विषय दिसतो तितका पोरकट नाही. जव्हार-मोखाड्याच्या शेतीचा, आमच्या स्थलांतराचा आणि आमच्या शिक्षणाचाही एक धागा या लहानशा खेळण्याशी येऊन मिळतो, असे माझे मत आहे.

प्रथम हा छंद काय आहे ते सांगतो. खऱ्या ट्रॅक्टरची ठराविक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती विकत घ्यायची, ती खोलायची, कापायची, तिची चाके बदलायची, तिला नवी अवजारे जोडायची, रंग द्यायचा आणि कारखान्यातून निघालेल्या वस्तूची आपल्या कल्पनेप्रमाणे वेगळीच वस्तू करायची. इंग्लंड-युरोपात अशा शेतीच्या प्रतिकृती बहुधा १:३२ या प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या वस्तूचे बत्तीस सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर होतात. अमेरिकेत १:१६ हे प्रमाण अधिक चालते. तिथल्या या धंद्याचा एक आरंभ मोठा बोधप्रद आहे. १९४५ साली आयोवा राज्यात फ्रेड अर्टल नावाच्या ओतकाम करणाऱ्या कामगाराने युद्धातल्या विमानांचे अॅल्युमिनियमचे टाकाऊ पिस्टन घरच्या भट्टीत वितळवले आणि त्यातून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतले. पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी झाली आणि ती ज्या डायर्सव्हिल गावी होती तेथे १९८६ मध्ये शेतीच्या खेळण्यांचे एक राष्ट्रीय संग्रहालयही उभे राहिले. मोडीतून नांगरटीच्या यंत्राचे खेळणे झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे हे काही अगदीच नवे नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि सजावटीला बक्षिसे मिळतात. म्हणजे शेतीला ओढ देणाऱ्या जनावराची लहान प्रतिकृती करून तिचा मान राखण्याची रीत मराठी मुलखात आहेच. बैलाची जागा यंत्राने घेतली, तेव्हा मुलांच्या हातातल्या खेळण्यानेही रूप बदलले, इतकेच.

आता आमच्या भागाकडे येऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा हे तालुके त्यात आले. जिल्हा बदलला, जमीन तीच राहिली. डोंगर, दऱ्या, त्यांच्या पोटाशी भाताची लहान लहान खाचरे आणि वर उतारावर नागली-वरईची वरकस जमीन. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. रस्त्यालगतच्या सपाट तुकड्यांवर भाड्याचा ट्रॅक्टर येतो, नाही असे नाही. पण उतारावर आणि पाड्याच्या खालच्या खाचरांत बैल आणि माणूस यांवाचून गत्यंतर नाही.

मग आमच्या मुलांना ट्रॅक्टर भेटतो कोठे? तो भेटतो वीटभट्टीवर. दिवाळी झाली, भात झोडून झाले, की आमच्याकडची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मी स्वतः लहानपणी दोन हिवाळे असे काढले आहेत. तेथे ट्रॅक्टर सकाळपासून रात्रीपर्यंत माती आणतो आणि विटा नेतो. भट्टीवरच्या मुलांचे खेळणेही तेच असते. ओल्या मातीचा ट्रॅक्टर, जुन्या चपलेच्या रबराची कापलेली गोल चाके, आस म्हणून छत्रीची काडी, आणि मागे काडेपेटीची ट्रॉली. त्या ट्रॉलीत मुले काय भरतात? विटांचे तुकडे. भाताचे भारे भरताना मी कोणाला पाहिले नाही. खेळण्यातून मुलाला जगाची ओळख होते असे आपण म्हणतो. आमच्या मुलांना झालेली ओळख अशी, की ट्रॅक्टर ही दुसऱ्याची वस्तू आहे, ती दुसऱ्याच्या जागेवर चालते आणि आपण तिच्यात माल भरायचा असतो.

याच ठिकाणी माझ्या मताचा गाभा आहे. खेळण्यातला ट्रॅक्टर नुसता जमवणे किंवा हुबेहूब उतरवणे ही एक गोष्ट आणि तो आपल्या जमिनीसाठी बदलणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीला कौशल्य लागते. दुसरीला कौशल्य तर लागतेच, शिवाय आपली जमीन नीट पाहावी लागते. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत आज पहिलीलाच मान आहे. तो दुसरीलाही मिळावा, किंबहुना अधिक मिळावा, असे मला वाटते.

उदाहरण दिल्यावाचून हे पटणार नाही. माझा एक वर्गमित्र मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. त्याने जत्रेत प्लास्टिकचा एक ट्रॅक्टर घेतला, साधारण १:३२ प्रमाणाचा. प्रथम त्याने आपल्या घरच्या शेताचा तुकडा त्याच प्रमाणात तयार केला. त्यासाठी त्याने वापरला कागदाचा लगदा आणि खळ. आमच्याकडे बोहाड्याची सोंगे ज्या लगद्याची होतात तोच हा लगदा. गणपती, महिषासुर, खंडेराव यांचे मुखवटे घडवणारे हात ज्या गावांत आहेत, तेथे डोंगराचा उतार घडवणे कितीसे अवघड? त्याने उताराचा कोन मात्र अंदाजाने धरला नाही. दोरी, काठी आणि ओळंबा घेऊन शेतावर जाऊन मोजला. कारण प्रतिकृतीत लांबी-रुंदी बत्तीसपटीने कमी होते, परंतु कोन कमी होत नाही. खरा उतार जितका चढा तितकाच लगद्याचाही चढा. भूगोलाच्या तासाला समोच्चरेषा पाठ करणाऱ्या आम्हा मुलांना हे एक वाक्य तेव्हा नव्याने कळले.

मग त्याने ट्रॅक्टर उतारावर आडवा उभा केला. तो कलंडला. बाजारचे खेळणे आतून पोकळ असते, त्याचा तोल खऱ्यासारखा नसतो, म्हणून त्याने इंजिन आणि गिअरपेटीच्या जागी गळाचे शिसे भरले. पुन्हा उभा केला, पुन्हा कलंडला. यामागचे गणित सोपे आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या बाहेरच्या कडा सहा सेंटिमीटर अंतरावर असल्या आणि वजनाचा मध्य जमिनीपासून तीन सेंटिमीटर उंच असला, तर उतार पंचेचाळीस अंशांचा होताच ती वस्तू उभ्या जागी कलंडते. खऱ्या शेतात ती त्याच्या कितीतरी आधी कलंडेल, कारण तेथे दगड आहेत, खड्डे आहेत, वळण आहे आणि मागे नांगराची ओढ आहे. म्हणून त्याने आस लांब केला, चाके आठ सेंटिमीटरपर्यंत दूर नेली आणि शिसे खाली बसवून वजनाचा मध्य अडीच सेंटिमीटरवर आणला. आता तोच कोन अठ्ठावन्न अंशांच्या आसपास गेला. ट्रॅक्टर उतारावर ठाम उभा राहिला.

येथेच गोष्ट संपली असती तर ती विज्ञान प्रदर्शनाची नेहमीची गोष्ट झाली असती. पण त्याच्या वडिलांनी तो नमुना पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हा खाली खाचरात जाणार कोणत्या वाटेने?" आठ सेंटिमीटरला बत्तीसने गुणले की अडीच मीटरांहून जास्त रुंदी होते, म्हणजे आठ फुटांच्या वर. आमच्या बांधावरून बैल एकामागून एक जातात. शिवाय सहा मीटर रुंदीचे खाचर या प्रमाणात जेमतेम एकोणीस सेंटिमीटर भरते. अकरा सेंटिमीटर लांबीचा ट्रॅक्टर त्यात शिरला तरी वळणार कसा? उतारावर टिकणारा ट्रॅक्टर खाचरात निरुपयोगी ठरला.

तेव्हा त्याने करवतीच्या पात्याने ट्रॅक्टर मधून कापला. पुढची दोन चाके गेली, बसण्याची जागा गेली. मागे उरलेल्या दोन चाकांवर इंजिन बसवले, छत्रीच्या काड्या वाकवून दोन मुठी केल्या आणि चिखलणीसाठी तारेची जाळीदार लोखंडी चाके वळली. असा दोन चाकांचा पॉवर टिलर कोकणातल्या भातशेतीत अनेकांनी पाहिला आहे. त्यात नवीन काही नाही. नवीन होते ते पुढचे. खरा पॉवर टिलर वजनाने भारी असतो, तो डोंगराच्या वाटेने पाड्यावर नेणे सोपे नाही. म्हणून त्याने आपला नमुना मधोमध स्क्रूने जोडलेला ठेवला. स्क्रू काढला की इंजिनाचा एक तुकडा आणि चाकांचा दुसरा. प्रत्येक तुकड्याला कावडीसारखा बांबू लावण्यासाठी दोन कड्या. चार माणसांनी खांद्यावरून वर न्यायचा, वर गेल्यावर जोडायचा, आणि एका पाड्याने मिळून वापरायचा.

हा नमुना एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनात गेला. परीक्षकांनी विचारले, "असा टिलर कोणती कंपनी काढते?" तो म्हणाला, "कोणतीच नाही." पुढे जास्त बोलणे झाले नाही. बक्षीस मिळाले ते एका चकचकीत लाल ट्रॅक्टरला. त्याचे दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, कंपनीचे नावही अगदी खऱ्यासारखे रंगवले होते. तो करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला मी नावे ठेवीत नाही, त्याची मेहनत मोठी होती. माझी तक्रार आहे ती त्या प्रश्नाविषयी. जी वस्तू कोणी काढीत नाही, ती काढावी लागेल हे दाखवण्यासाठीच तर नमुना करायचा असतो. "कोणतीच नाही" हे उत्तर त्या नमुन्याचा दोष ठरले. माझ्या मते तोच त्याचा गुण होता.

आपल्या देशातील यंत्रांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांकडे गेले तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, आणि नांगर खपेना. त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर महाराष्ट्राच्या मातीत रुळला. ट्रॅक्टरचेही तसेच. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला तो जर्मन बनावटीवरून. पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी स्वतः आराखडा केला आणि १९७४ मध्ये पंजाबातून 'स्वराज' बाहेर पडला. आधी दुसऱ्याचे पाहिले, मग आपल्याला हवे तसे केले. पण स्वराज झाला तो पंजाबच्या सपाट शेतांजवळ. आमच्या उताराचे स्वराज्य अजून यायचे आहे.

कोणी म्हणेल, हा विचार आदिवासी भागाला झेपणारा नाही. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देईन. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने सुंदर, परंतु महाग आणि परकी. या दोघींनी त्यामागचे तत्त्व घेतले आणि साधने बदलली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, जे भोवती मिळेल ते शिकवण्याला लावले. मुले गुरे राखायला जात म्हणून शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा काढली. परदेशी नमुना आपल्या मातीसाठी बदलण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते घडले डहाणू तालुक्यात, आमच्यापासून फार दूर नाही. अरविंद गुप्ता यांनीही १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांसाठी आकार बांधले. पैसा नाही ही अडचण खरी आहे. पण या कामात ती पहिली अडचण नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की हे काम आयटीआयचे किंवा अभियांत्रिकीच्या मुलांचे, कला शाखेचा त्यात काय संबंध? संबंध आहे. वेल्डिंग कसे करावे ते आयटीआय शिकवील. पण कोणते यंत्र कोणत्या जमिनीला हवे, ते एका घराने घ्यावे की पाड्याने मिळून, त्याचे भाडे कोणाला परवडेल, ते आल्यावर कोणाचे काम जाईल आणि कोणाचे हलके होईल, हे प्रश्न भूगोलाचे, अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे आहेत. आम्ही परीक्षेत त्यांची उत्तरे वीस वीस गुणांना लिहितो. ती एकदा हाताने लिहून पाहावीत, एवढेच माझे म्हणणे.

या संदर्भात आमच्या वर्गातील एका मुलीने जो सवाल केला तो मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "नांगरणी बैल करतात आणि त्यांच्यामागे पुरुष असतो. आवणी आणि बेणणी आम्ही बायका वाकून करतो. तुमच्या टिलरने कोणाची पाठ सरळ झाली?" आम्ही सारे गप्प झालो. खरेच, खेळण्यातले ट्रॅक्टर बदलणारे बहुतेक मुलगे असतात, म्हणून बदलही मुलग्यांना दिसणाऱ्या कामांपुरते होतात. मुली या छंदात आल्या तर कदाचित पहिला बदल नांगरात होणार नाही. तो रोपे लावण्याच्या किंवा तण काढण्याच्या अवजारात होईल. आमच्या भागाला त्याची गरज अधिक आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान नमुना उभा राहिला म्हणून मोठे यंत्र चालेल असे नाही, असे जाणकार सांगतात. ते बरोबर आहे. लांबी बत्तीसपट वाढली की वजन बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस पट वाढते. लगद्याच्या उतारावर चिखल नसतो, घसरण नसते, आषाढाचा पाऊस नसतो. म्हणून या नमुन्यांना कोणी शोध म्हणू नये. ते प्रश्न आहेत. प्रश्न नेमका मांडला तर उत्तर देणाऱ्या संस्था आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. "आमच्यासाठी काहीतरी करा" असा अर्ज त्यांच्याकडे नेण्यापेक्षा मोजलेला उतार, मोजलेले खाचर आणि त्यावर उभा केलेला नमुना नेला, तर बोलणे वेगळ्या पातळीवर होईल.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. स्नेहसंमेलनाच्या हस्तकला प्रदर्शनात हुबेहूब प्रतिकृती आणि बदललेला नमुना असे दोन वेगळे गट असावेत. दुसऱ्या गटातील प्रत्येक नमुन्यासोबत एक कागद असावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय बदलले, का बदलले आणि कोणता प्रयत्न फसला. नमुना ज्या जमिनीसाठी आहे ती जमीन, मोजलेल्या उतारासह, त्याच्याखाली असावी. आणि परीक्षकांत प्राध्यापकांबरोबर नांगर धरणारा एक शेतकरी आणि आवणी करणारी एक बाई असावी. माझ्या मित्राच्या वडिलांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही पुस्तकात नव्हता.

या सूचनांना खर्च फारसा नाही. कागदाची रद्दी, जुनी चप्पल, मोडकी छत्री आणि जत्रेतला एक ट्रॅक्टर एवढ्यावर आरंभ होतो. दिवाळीनंतर भट्टीवर जाणारी कुटुंबे यामुळे उद्या थांबतील, असा भाबडा दावा मी करीत नाही. परंतु ज्या मुलांनी ट्रॅक्टरच्या मागे फक्त विटांची ट्रॉली पाहिली आहे, त्यांनी एकदा तो ट्रॅक्टर हातात घेऊन कापावा, आपल्या खाचरात वळवून पाहावा आणि वळत नसेल तर का वळत नाही ते सांगावे. येत्या संमेलनापासूनच याला सुरुवात व्हावी, अशी माझी प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मंडळाला आग्रहाची विनंती आहे.